वेगवेगळ्या वयाची हंसाची पिल्ले एकत्र कशी वाढवावीत?



नवागाम, दिंडोली, उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांची थोडीफार शेती आजही धुळे, नंदुरबार, जळगावकडे आहे. निवृत्तीनंतर मळ्यात राहायला जाणारे काही जण कोंबड्यांसोबत बदके आणि हंस पाळतात. हंस गवतावर वाढतो, अनोळखी माणूस दिसला की ओरडून मळा जागा करतो, आणि नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे जगतो. अडचण येते ती पिल्लांच्या वेळी. त्याविषयीची माहिती येथे एकत्र देत आहे.

वयात फरक का पडतो?

हंसाची मादी साधारण दिवसाआड एक अंडे घालते आणि पुरेशी अंडी झाल्यावरच उबवायला बसते. त्यामुळे एका घरट्यातील पिल्ले सुमारे ३० दिवसांनी, एक-दोन दिवसांच्या अंतराने बाहेर येतात. दोन माद्या वेगवेगळ्या वेळी बसल्या, किंवा बाजारातून पिल्ले आणली, की लहान-मोठी पिल्ले एकत्र येतात.

किती फरक चालतो?

• एक आठवड्यापर्यंत: जागा पुरेशी असेल तर एकत्र ठेवता येतात. पहिले दोन दिवस लक्ष ठेवावे.
• एक ते तीन आठवडे: एकाच खोलीत, पण मध्ये जाळी लावून. एकमेकांना पाहू द्यावे, अंगावर जाऊ देऊ नये.
• तीन आठवड्यांपेक्षा जास्त: लहानांना पिसे फुटेपर्यंत वेगळेच ठेवावे.

याचे पहिले कारण उष्णता. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३२ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करतात. म्हणजे चौथ्या आठवड्यातील पिल्लाला २३ अंश पुरतात. दोघांना एकाच बल्बखाली ठेवले तर एक धापा टाकते किंवा दुसरे गारठते. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत दिवसा बल्ब लागतच नाही, उलट सावली आणि वारा लागतो. डिसेंबरच्या रात्री मात्र बल्ब विसरून चालत नाही. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला पळाली तर उकडते आहे, असे समजावे.

दुसरे कारण वजन. हंसाचे पिल्लू फार झपाट्याने वाढते. तीन आठवड्यांचे पिल्लू दोन दिवसांच्या पिल्लावर नुसते बसले तरी ते दगावू शकते.

खाद्य

पहिले तीन आठवडे २० ते २२ टक्के प्रथिने असलेले स्टार्टर खाद्य द्यावे, नंतर १५-१६ टक्क्यांवर आणावे. मोठ्या पिल्लांना जास्त प्रथिने मिळत राहिली तर पंखाचे टोक बाहेर वळते आणि तसेच राहते. याउलट नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडले तर पाय अधू होतात. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा हंस-बदकांना ते जास्त लागते. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट मिसळल्याने ही उणीव भरून निघते. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना देऊ नये. त्यातील जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात. भुईमुगाची पेंड बुरशी आलेली असेल तर अजिबात वापरू नये. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि त्यातूनच अफलाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाची पिल्ले या विषाला फार लवकर बळी पडतात.

पाणी आणि जागा

नाकपुड्या बुडतील इतके खोल, पण पिल्लू आत पडणार नाही असे भांडे हवे. मोठ्यांचे टब लहानांच्या वाटेत ठेवू नयेत. आईशिवाय वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेला पुरेसे तेल नसते. ते भिजते आणि गारठते. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. पावसाळ्यात ओला थर रोज काढावा. मांजर, मुंगूस, घूस यांच्यासाठी बारीक छिद्रांची जाळी आवश्यक आहे.

रोगांची खबरदारी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मोठा पक्षी निरोगी दिसत असूनही रोग बाळगू शकतो आणि लहान पिल्ले त्याने मरतात. राणीखेत रोगात हंस-बदके बऱ्याचदा ठणठणीत दिसतात, कोंबड्या मात्र पटापट मरतात.

आपल्या लोकांना नवापूर माहीत आहेच. ताप्ती मार्गावरील हे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील पहिला बर्ड फ्लू येथील कोंबड्यांमध्ये जाहीर झाला. शेजारचा उच्छल तालुका, जो तेव्हा सुरत जिल्ह्यात होता, तोही सापडला. लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तीच वेळ आली. पोल्ट्रीवर उभी असलेली अनेक घरे यात अडचणीत आली. म्हणून व्यावसायिक पोल्ट्रीत एका शेडमध्ये एकाच वयाची पिल्ले आणतात, सर्व एकदम विकतात आणि शेड धुऊन काही दिवस रिकामे ठेवतात. घरगुती पाळणाऱ्याला हे पूर्ण जमत नाही. पण पुढील नियम जमतात:

१. बाहेरून आणलेले पक्षी किमान तीन आठवडे वेगळे ठेवावेत.
२. काम नेहमी लहान पिल्लांपासून सुरू करून मोठ्यांकडे जावे, आणि आजारी पक्ष्यांकडे सर्वांत शेवटी.
३. प्रत्येक गटाची भांडी वेगळी असावीत; चपला शेडबाहेर काढाव्यात.
४. कोंबड्या आणि पाणपक्षी वेगळे ठेवावेत.
५. लसीचे वेळापत्रक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे.
६. पिल्लांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत.

एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते उघडे टाकू नयेत, विकू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००९ च्या कायद्यानुसार अशा रोगांची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. बर्ड फ्लूचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले जातात.

एकत्र कधी सोडावे?

लहानांना पूर्ण पिसे आली, साधारण सहा-आठ आठवड्यांनी, की जाळीआडची ओळख झालेली असतेच. मोकळ्या कुरणात, दिवसा, खाद्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवून एकत्र सोडावे. थोडे फुत्कार आणि मान लांबवणे हे नेहमीचेच. पण पिसे उपटणे किंवा पाठीवर चढणे दिसले तर लहानांना आठवडाभर परत मागे घ्यावे. एकटे राहिलेले पिल्लू माणसालाच आई समजते, म्हणून निदान दोन पिल्ले सोबत असावीत.

शेवटी पैशाचे. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालन व कुक्कुटपालनालाही लागू आहे. खाद्य आणि औषध यांच्या खर्चासाठी सावकाराकडे जाण्याऐवजी गावाकडील आपल्या बँक शाखेत चौकशी करावी, आणि अर्जासोबत दुसऱ्या शेडचा किंवा जाळीचा खर्चही आधीच मांडावा. रोगाने सगळा कळप गेल्यावर होणाऱ्या नुकसानीपुढे तो फार थोडा असतो.