नोत्र दाम जळण्याआधीच मोजून ठेवलं होतं! वारसा वाचवणारं थ्रीडी मॅपिंग काय असतं?

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला आग लागली. छताचा ओक लाकडाचा मध्ययुगीन सांगाडा जळून खाक झाला. ९६ मीटर उंचीचा निमुळता मनोरा कोसळला आणि दगडी छताला भगदाडं पडली.

डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं, जवळपास पूर्वीच्याच रूपात. पण 'होतं तसं' बांधायचं, तर 'होतं कसं' हे आधी ठाऊक असायला हवं. ते कुठून कळलं?

आगीआधीची नोंद

अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजमधले कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये या वास्तूचं लेझर स्कॅनिंग केलं होतं. पन्नासहून अधिक जागी यंत्र ठेवून त्यांनी एक अब्जाहून जास्त बिंदू नोंदवले. मध्ययुगीन कारागिरांनी ही इमारत कशी उभारली, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. आगीचा विचारही तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये, आगीच्या पाच महिने आधी, टॅलन यांचं निधन झालं.

स्कॅनर मोजतो कसा?

तिपाईवरचा स्कॅनर गोल फिरत लेझर किरण सोडतो. किरण भिंतीवर आपटून परत येतो. त्याला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. असे कोट्यवधी बिंदू मिळाले की इमारतीचा त्रिमितीय आकार तयार होतो. याला 'पॉइंट क्लाउड', म्हणजे बिंदूंचा ढग म्हणतात. खांबामागचा भाग एका जागेवरून दिसत नाही. म्हणून यंत्र अनेक ठिकाणी ठेवून सगळे स्कॅन जुळवले जातात.

दुसरी पद्धत फोटोग्रामेट्रीची. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या कोनांतून, एकमेकांवर येणारे भरपूर फोटो काढायचे. त्यातले समान बिंदू ओळखून सॉफ्टवेअर आकार तयार करतं.

दुरुस्तीत उपयोग काय?

आगीनंतर इमारत पुन्हा स्कॅन झाली. आधीचे आणि नंतरचे स्कॅन शेजारी ठेवले की काय पडलं, काय सरकलं हे कळतं. फ्रान्सच्या सीएनआरएस या संशोधन संस्थेने जुनी-नवी मोजमापं, फोटो आणि संशोधन एकत्र आणून इमारतीचं 'डिजिटल जुळं' तयार केलं. ढिगाऱ्यातून वेचलेला दगड मूळ कुठे बसलेला असावा, याचा शोधही संगणकावर घेता आला.

स्कॅनला काय जमत नाही?

स्कॅनरला फक्त पृष्ठभाग दिसतो. भिंतीच्या पोटात काय आहे, लाकडाचे सांधे आतून कसे आहेत, हे त्याला कळत नाही. इथे कामी आली ती २०१४ मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक ट्रांतसो या वास्तुविशारदांनी लाकडी सांगाड्याची हाताने केलेली मोजणी आणि रेखाटनं. नवे वासे तासताना सुतारांनी जुन्या पद्धतीच्या कुऱ्हाडी वापरल्या. स्कॅनमधून आकार मिळाला, बांधण्याचं कसब मात्र माणसांनी जपलेलं होतं.

भारतात असं काम झालंय का?

हो. गुजरातमधल्या पाटणच्या 'राणी की वाव' या बारवेचं २०११ मध्ये 'स्कॉटिश टेन' प्रकल्पात लेझर स्कॅनिंग झालं. २०१४ मध्ये ही बारव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

आपण काय करू शकतो?

गावातला पडायला आलेला वाडा, बारव, वीरगळ किंवा देवळाची कमान यांची साधी नोंद मोबाइलनेही होते. परवानगी घेऊन, वस्तूभोवती फिरत फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. काही फोटोंत शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे खरं माप कळेल. ऊन-सावलीचा फरक कमी असलेली ढगाळ वेळ उत्तम. मूळ फाइल दोन ठिकाणी जपा, कारण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातला तपशील कमी होतो.

ही नोंद वास्तू धडधाकट असतानाच करावी लागते. कमान पडल्यावर स्कॅन केला, तर हाती येतो तो ढिगाऱ्याचा नकाशा.