दुर्बिणीखालचे लोखंड

आकाशाच्या छायाचित्रणाचा इतिहास सांगताना भिंगे, आरसे आणि कॅमेरे यांचीच वंशावळ सांगितली जाते. दुर्बीण ज्यावर बसते तो माउंट किरकोळ सामानात जमा होतो. हा क्रम उलटा आहे. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका यांचे जे चित्र आज हौशी माणूस घराच्या आवारातून टिपतो, त्याचे कूळ शोधत गेले तर ते भिंग घासणाऱ्यांपेक्षा ओतकाम करणाऱ्यांच्या आणि गवंड्यांच्या दारात जाऊन पोचते. कारण पृथ्वीच्या फिरण्यात आहे. ती सेकंदाला १५ विकला फिरते. १००० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर जागच्या जागी ठेवलेल्या दुर्बिणीत खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदात सुमारे १८ पिक्सेल सरकतो. नुसत्या डोळ्याने बघणाऱ्याचे यात काही अडत नाही; तो नळी थोडी ढकलतो आणि पुन्हा बघतो. विल्यम हर्शेलची ४० फुटी दुर्बीण शिड्या, कप्प्या आणि दोरखंडांच्या सांगाड्यात टांगलेली होती, आणि बघण्यापुरते ते चालून गेले. फोटोची काच मात्र तासभर प्रकाश साठवते, आणि त्या तासातली प्रत्येक थरथरही.

पृथ्वीच्या अक्षाला समांतर असा एक अक्ष घ्यावा आणि यंत्र त्याभोवती फिरवावे, ही कल्पना जुनी आहे. टायको ब्राहेच्या १५८० च्या दशकातल्या वलययंत्रांत ती आहे, जयपूरच्या जंतरमंतरमधल्या चक्रयंत्रात आहे. पण नुसत्या कल्पनेने फोटो निघत नाही. फ्राउनहोफरने डोर्पाटच्या (आजचे एस्टोनियातील तार्तू) वेधशाळेसाठी १८२४ मध्ये २४ सेंटिमीटरची दुर्बीण दिली, तेव्हा तिच्याखाली ध्रुवाकडे कललेला अक्ष, तोल साधणारे वजन आणि खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळ होते. २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा, एवढेच त्या घड्याळाचे काम. आज दुकानात ‘जर्मन इक्वेटोरियल’ म्हणून जे मिळते ते याच घराण्यातले. फोटोग्राफी जगापुढे आली ती यानंतर १५ वर्षांनी. म्हणजे पाळणा आधी तयार होता, तरी तो पुरेसा गुळगुळीत हलत नव्हता. हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून १८५० मध्ये अभिजित ताऱ्याचा फोटो निघाला. वसिष्ठ आणि अरुंधती यांचे चांगले फोटो मिळायला मात्र १८५७ उजाडले. तोवर काचेवरचे रसायन बदलले होते आणि दुर्बीण फिरवणारे यंत्रही.

खरी उडी घेतली गेली ती लंडनजवळच्या ईलिंगमध्ये, एका घराच्या मागच्या बागेत. अँड्र्यू एन्स्ली कॉमन हा धंद्याने सांडपाण्याच्या सोयी करणारा अभियंता. त्याच्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीचे वजन नेहमीच्या बेअरिंगवर टाकले असते तर घर्षणामुळे तिची गती अडखळली असती. म्हणून त्याने ध्रुवाक्ष पोकळ केला आणि तो पाऱ्यात तरंगता ठेवला. शिवाय फोटोची काचच मागेपुढे सरकवता येईल अशी चौकट बनवली, म्हणजे घड्याळाची चूक हाताने सुधारता येई. ३० जानेवारी १८८३ च्या रात्री त्याने मृगातल्या तेजोमेघाचे जे चित्र घेतले, त्यात त्याच दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारे उमटले. पुढच्याच वर्षी रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. पाठोपाठ आला आयझॅक रॉबर्ट्स, लिव्हरपूलचा इमारती बांधणारा माणूस. डब्लिनच्या ग्रब यांची २० इंची दुर्बीण आणि लक्ष ठेवण्यासाठी ७ इंची दुसरी, दोन्ही एकाच माउंटवर. १८८८ च्या डिसेंबरात त्याने देवयानीवर ४ तास काच उघडी ठेवली आणि तिचे सर्पिल हात पहिल्यांदा स्पष्ट दिसले. आपल्याला सूर्यमाला जन्मताना दिसते आहे असे त्याला वाटले. अर्थ चुकला, चित्र चुकले नाही. त्याच वर्षी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या हाताखालची तिची २० इंची दुर्बीणही ग्रब यांचीच होती. नायगमवाला निवृत्त झाल्यावर, १९१२ मध्ये, ती कोडाईकॅनलला गेली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. श्रेय कोरड्या काचेचे आहे, माउंटचे कसले? ओली कोलोडियन काच काही मिनिटांत वाळून निकामी होई. १८७१ मध्ये मॅडॉक्स याने जिलेटिनची कोरडी काच सुचवली म्हणून हेन्री ड्रेपरला १८८० मध्ये ५१ मिनिटे उघडी ठेवता आली. हे खरेच आहे. पण कोरडी काच बाजारात कोणालाही मिळत होती. ती विकत घेणाऱ्या शेकडो जणांत तासन्तास टिकणारे चित्र मोजक्याच लोकांना जमले, आणि त्यांच्याकडे चांगली काच होती म्हणून नव्हे, चांगला अक्ष होता म्हणून. कॉमनची तीच दुर्बीण पुढे क्रॉसली या नव्या मालकामार्फत कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत गेली. तिथे ती आधी डोकेदुखी ठरली. मग तिथल्या कीलर या खगोलशास्त्रज्ञाने माउंटची दुरुस्ती मनावर घेतली, आणि १८९८ ते १९०० या काळात त्याच आरशातून सर्पिल तेजोमेघ आकाशात किती विपुल आहेत हे कळले.

विसाव्या शतकात हे तंत्र कारखानदारांकडून कामगारांकडे आले. व्हरमाँटमधल्या स्प्रिंगफील्ड या यंत्रसामग्रीच्या गावात रसेल पोर्टरने १९२० मध्ये आरसे घासायचे वर्ग घेतले, आणि पाण्याच्या पाइपांचे सांधे व भंगारातले मोटारींचे भाग यांतून माउंट उभे राहू लागले. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या हेग यांनी तर बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्याच पुरेशा ठरवल्या. बिजागरीपासून २९ सेंटिमीटरवर इंचाला २० आटे असलेला बोल्ट बसवायचा आणि मिनिटाला एक फेरा द्यायचा. फळी पृथ्वीच्या वेगाने उघडते. आपल्याकडचा १ मिलिमीटर आट्याचा बोल्ट वापरला तर अंतर २२८.६ मिलिमीटर येते. लहान लेन्सच्या कॅमेऱ्याला एवढे पुरते.

आजचा आक्षेप वेगळा आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींनी ध्रुवाक्ष केव्हाच सोडला; १९७५ ची सोव्हिएत ६ मीटरची दुर्बीण तर साध्या वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणाऱ्या माउंटवर आहे. खरे आहे, पण त्यासाठी संगणकाला दोन्ही अक्ष क्षणोक्षणी बदलत्या वेगाने फिरवावे लागतात, आणि चित्रच गोल फिरते म्हणून मागे तिसरी मोटर लागते. ओझे नाहीसे झाले नाही, वाटले गेले. जॉन डॉब्सनचा प्लायवूडच्या पेटीचा साधा माउंटही याच वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणाऱ्या जातीचा, पण तो डोळ्यासाठी होता. मग कोणी म्हणेल की दोन-दोन मिनिटांची साठ चित्रे संगणकावर एकावर एक रचली की झाले. रचणारा प्रोग्रॅम हललेले चित्र फेकून देऊ शकतो, सावरू शकत नाही. ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची गती सुधारणारा गाइड कॅमेरा चूक घडून गेल्यावर ती पाहतो. वाऱ्याने सेकंदाला चार-पाच वेळा थरथरणारा खांब त्याच्या हाती लागत नाही.

तेव्हा घरी माउंट करणाऱ्याने हिशेब इथून धरावा. व्यास आणि भिंतीची जाडी यांचे प्रमाण तेच ठेवून पाइपचा व्यास दुप्पट केला तर ताठपणा १६ पट होतो. उंची निम्मी केली तर ८ पट. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश, त्यामुळे आपल्याकडे ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा पडतो. युरोपच्या ५० अंशांसाठी कल्पिलेल्या माउंटचा भार इथे उत्तरेकडे झुकतो आणि तोलाचे वजन तिवईच्या पायाला अडते. भार पेलायला तिवईचा एक पाय उत्तरेला हवा, किंवा वजन पायाला अडूच नये म्हणून सरळ खांबच घालावा. अंगणात तो फरशीपासून वेगळ्या पायावर उभा करावा. गच्चीवर उभारायचा तर स्लॅबच्या मधोमध नको, खालच्या कॉलमच्या डोक्यावर. आणि पैसे कमी पडले तर आरसा लहान घ्या, पाइप बारीक घेऊ नका.