घसरू देणारी खुंटी

पुलांचा इतिहास बहुधा कमानी आणि गाळे यांच्या मोजमापांनी लिहिला जातो. पोलादी तुळई आणि तिच्यावरील काँक्रीटचा स्लॅब यांना सांधणाऱ्या खुंट्यांकडे, अर्थात 'शिअर कनेक्टर'कडे, त्यात सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काँक्रीट ओतले की त्या दृष्टीआड होतात. विसाव्या शतकातील पूलबांधणीत झालेला एक मोठा वैचारिक पालट मात्र, आमच्या मते, याच खुंट्यांभोवती घडला.

जाड वही वाकवून पाहावी. पाने एकमेकांवरून सरकतात म्हणूनच ती सहज वाकते. सारख्या जाडीच्या दोन फळ्या नुसत्या एकीवर एक ठेवण्याऐवजी सरकणार नाहीत अशा जखडल्या, तर जोडीचा ताठपणा चौपट आणि बळ दुप्पट होते. तुळई व स्लॅब यांचेही तसेच आहे.

प्रारंभी हे जखडणे निव्वळ चिकटण्यावर सोपवलेले असे. ऑस्ट्रियन अभियंता योसेफ मेलान याच्या पद्धतीने, पोलादी तुळया काँक्रीटमध्ये गाडून, १८९४ साली आयोवातील रॉक रॅपिड्स येथे कमानीचा पूल झाला. पण चिकटण्याचा भरवसा कसा धरावा? ते असते तोवर उत्तम असते आणि सुटते तेव्हा सूचना न देता सुटते. म्हणून १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये तुळईच्या माथ्यावर सळईची वेटोळी जोडण्यात आली. ध्यास एकच होता : स्लॅब तसूभरही सरकता कामा नये.

या ध्यासाला शास्त्रीय उत्तर मिळाले ते इलिनॉय विद्यापीठात. न्यूमार्क, सीस आणि व्हीस्ट यांनी १९५१ मध्ये 'अपूर्ण' सहकार्याचे गणित मांडले. प्रत्येक जोड थोडा सरकतोच. तेव्हा सरकणे नाकारण्यापेक्षा ते हिशेबात धरावे, हा त्याचा गाभा. आम्हांस हे धाडस कोणत्याही उंच मनोऱ्याहून मोठे वाटते.

खुंटी आली ती भलतीकडून. कॅलिफोर्नियातील मेअर आयलंडच्या नौदल गोदीत टेड नेल्सन याने, युद्धनौकांच्या पोलादावर लाकडी फळ्या बसवण्यासाठी, पिस्तुलासारख्या उपकरणाने क्षणार्धात खुंटी वेल्ड करण्याची रीत काढली. तीच खुंटी, डोक्याला टोपी घेऊन, पुलावर चढली. टोपी स्लॅबला वर उचलू देत नाही; दांडा मात्र किंचित वाकतो. व्हीस्ट याचे तिच्यावरील प्रयोग १९५६ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७१ मध्ये लीहाय विद्यापीठातील ओलगार्ड, स्लटर आणि फिशर यांनी ४८ नमुने तपासून तिच्या बळाचे सूत्र दिले. अतिभार आलेली खुंटी तुटण्याआधी वाकते आणि आपला वाढीव भार शेजारणींकडे सोपवते, हा तिचा गुण.

अर्थात पूल म्हणजे इमारत नव्हे. त्याच्यावरून वाहने लाखो वेळा जातात आणि पोलादाला थकवा येतो. स्लटर व फिशर यांनी १९६६ मध्येच त्याचा स्वतंत्र विचार केला होता. याच थकव्याच्या शंकेने लेओनहार्ट यांच्या जर्मन संस्थेने व्हेनेझुएलातील कारोनी नदीच्या तिसऱ्या पुलासाठी खुंट्यांऐवजी भोके पाडलेली उभी पट्टी योजली. भोकांत शिरलेले काँक्रीटच तेथे खुंटीचे काम करते.

बहुतेक ठिकाणी मात्र खुंटीच टिकली. अमेरिकी रिवाजानुसार पाळी सुरू होताना वेल्ड केलेल्या पहिल्या दोन खुंट्या हातोड्याने तीस अंश वाकवून पाहतात. वेल्ड तडकले नाही, तर काम पुढे चालते. चाचणीत तगलेली वाकडी खुंटी सरळ करीत बसत नाहीत; ती तशीच काँक्रीटखाली जाते.