सेलममध्ये वाचवायला कोणी आलं नाही

‘मेड ऑफ सेलम’ (१९३७) या हॉलिवूडपटात चेटकीण ठरवलेल्या नायिकेला प्रियकर ऐन वेळी येऊन वाचवतो. मॅसॅच्युसेट्समधल्या खऱ्या सेलममध्ये, १६९२ साली, वाचायची वाट वेगळी होती: चेटूक कबूल करा. कबुलीवर टिकलेलं कोणीही फासावर गेलं नाही. नाकारणारे १९ जण गेले. सत्तरीतल्या रिबेका नर्सला ज्युरीने आधी निर्दोष ठरवलं होतं. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावला आणि निकाल फिरला. पुरावा काय, तर ‘तिची छाया मला छळते’ अशा साक्षी. छाया दिसणार फक्त छळ होणाऱ्याला. मग ती खोटी ठरवायची कशी? ऑक्टोबरात गव्हर्नर फिप्सने ते कोर्टच बरखास्त केलं. तोवर देवासमोर खोटं बोलायला तयार नसलेली माणसं गेली होती.