फ्रिजमधून सुखरूप आलेला नायक

मे १९७७. अमेरिकेत 'स्टार वॉर्स' प्रदर्शित होत होता आणि त्याचा दिग्दर्शक जॉर्ज लुकास निकालाच्या धास्तीने हवाई बेटांवर जाऊन बसला होता. तिथे त्याचा मित्र स्टीव्हन स्पिलबर्गही आला. स्पिलबर्गला जेम्स बाँड करायचा होता. लुकासने त्याला एक पुराणवस्तू संशोधक ऐकवला. हॅट घालणारा, चाबूक बाळगणारा आणि सापाला घाबरणारा. १९३०-४०च्या दशकांत अमेरिकेत शनिवारच्या खेळांना साहसी मालिकापट दाखवत. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक कड्याला लटकलेला, पुढचं पुढच्या आठवड्यात! हा इंडियाना जोन्स त्याच मुशीतला.

हा प्रकार आपल्याकडेही नवा नव्हता. परळच्या वाडिया मूव्हीटोनने १९३५ साली 'हंटरवाली' काढला, तोही अशाच मूकपटांच्या प्रेमातून. नादियाच्या हातातही चाबूकच होता आणि चालत्या गाडीच्या टपावर ती स्वतः चढायची. १९४३ साली 'हंटरवाली की बेटी'ही आला. म्हणजे दुसऱ्या भागाचा मोह मुंबईलाही जुनाच.

१९८१चा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' आजही का धरून ठेवतो? माझ्या मते, त्यातला नायक मार खातो आणि तो मार त्याला लागतो. धावत्या ट्रकखालून तो घसरत जातो ते दृश्य आठवा. ती करामत संगणकाची नव्हे, टेरी लिओनार्ड या स्टंटमनची. तिचं मूळ १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये आहे. तिथे याकिमा कनट घोड्यांच्या पायांखालून असाच गेला होता. ट्युनिशियात हॅरिसन फोर्डचं पोट इतकं बिघडलं होतं की तलवारबाजाशी ठरलेली लांबलचक झुंज त्याला झेपेना. म्हणून त्याने सरळ पिस्तूल काढलं. चित्रपटातला सर्वांत मोठा हशा त्या जुलाबांची देणगी आहे!

१९८४च्या दुसऱ्या भागाशी आपला संबंध जरा कडू. पटकथा आक्षेपार्ह वाटल्याने भारत सरकारने बदल सुचवले, ते निर्मात्यांना पटले नाहीत आणि चित्रीकरण श्रीलंकेत गेलं. त्यातली माकडाच्या मेंदूची मेजवानी पाहून आजही ओशाळायला होतं. पण अमरीश पुरींचा मोलाराम विसरता येत नाही. १९८९च्या तिसऱ्या भागात शॉन कॉनरी वडील झाला. खरं तर तो फोर्डपेक्षा जेमतेम बारा वर्षांनी मोठा. शेवटी सगळे मावळत्या सूर्याकडे घोडे दौडवत जातात. माझ्यासारख्यांना वाटलं, झालं, गोष्ट संपली.

ती १९ वर्षांनी पुन्हा सुरू झाली. २००८चा चौथा भाग 'किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल'. काळ १९५७चा म्हणून नाझींऐवजी रशियन आणि दैवी पेटीऐवजी परग्रहवासी. हा हिशेब चुकीचा नव्हता, कारण त्या दशकाचे स्वस्त चित्रपट तसेच होते. संगणकाचा वापर बेतानेच करू, असंही आधी सांगितलं गेलं होतं. आणि मग नायक फ्रिजमध्ये शिरतो, अणुस्फोट होतो, फ्रिज कैक फर्लांग उडून आपटतो आणि हे महाशय अंग झटकत बाहेर येतात. श्रोतेहो, ट्रकखाली ज्याची काळजी वाटली तो इथे बाहुला झाला. पुढे नायकाचा मुलगा माकडांबरोबर वेलींवर झोके घेतो, तेव्हा तर घड्याळाकडे लक्ष जाऊ लागलं. गल्ला मात्र पाऊणशे कोटी डॉलरच्या वर गेला.

चुटपुट आणखी एका गोष्टीची. स्फटिकाच्या कवट्यांची खरी हकिगत चित्रपटापेक्षा रंजक आहे. ब्रिटिश म्युझियमने १८९७ साली न्यूयॉर्कच्या टिफनीकडून अशी एक कवटी घेतली. ती प्राचीन मेक्सिकोची समजली जायची. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं, की तिच्यावर फिरत्या चाकाने घासल्याच्या खुणा आहेत. कोलंबसपूर्व मेक्सिकोत असलं चाक नव्हतंच. कवटी १९व्या शतकातली निघाली. तिच्या मागे युजीन बोबान नावाचा एक फ्रेंच पुराणवस्तू व्यापारी होता. तोतया कवटी, हुशार व्यापारी, फसलेली संग्रहालयं, इतकं सगळं हाताशी असताना उडती तबकडी कशाला?

२०२३चा पाचवा भाग जेम्स मॅनगोल्डने केला. सुरुवातीला १९४४ सालचा तरुण जोन्स संगणकाने घडवलेला. चेहरा चाळिशीतला, आवाज ऐंशीच्या घरातला. मला तो शेवटपर्यंत परका वाटला. खर्च ३० कोटी डॉलरच्या आसपास सांगतात आणि जगभरची कमाई सुमारे ३८ कोटी. त्यात चित्रपटगृहांचा वाटा वजा केला की तोटाच.

तरीही १९६९च्या न्यूयॉर्कमधला, मुलगा युद्धात गमावलेला, शेजाऱ्यांच्या गाण्यांनी वैतागून उठणारा म्हातारा मला खरा वाटला. शेवटी मेरियन परत येते. पहिल्या भागात जहाजावर तिने त्याला विचारलं होतं, कुठे दुखत नाही ते दाखव. आता ती आपली दुखणी सांगते आणि विचारायची पाळी त्याची असते.