जमाखर्चात न मांडलेले श्रम

स्थानिक कारभाराचा इतिहास आपल्याकडे अध्यक्षांच्या तसबिरींनी आणि शिलकेच्या आकड्यांनी सांगितला जातो. कोल्हापूरची नगरपालिका 1854 साली स्थापन झाली, 1972 च्या डिसेंबरात तिची महानगरपालिका झाली, याच्या नोंदी आहेत. पण गावोगावचा कारभार कोणाच्या श्रमावर चालला? मला हा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

साऱ्यासाठी माणसे बोलावणे, सरकारी टपाल पोचवणे, अंमलदाराच्या दिमतीला राहणे ही महारांची कामे. वतनदार गैरहजर असला तर घरातल्या दुसऱ्याने हजर व्हायचे. मोबदला काय? वाटण्या होऊन उरलेला जमिनीचा तुकडा, त्यावर जुडी, आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते. चाकरी सरकारची, भाकरी मात्र गावाच्या हाती! सरकारचा जो खर्च वाचला, तो महारवाड्याने आपल्या पोटातून भरला. हिशेबाच्या कोणत्याही वहीत ही रक्कम मांडलेली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी नेमके येथेच बोट ठेवले. 1918 साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात महार वतने खालसा करून जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या. त्याच सुमारास कुलकर्णी वतने मोडून पगारी तलाठी नेमले आणि अस्पृश्य तरुणांनाही तलाठ्याचे शिक्षण देऊन दप्तर त्यांच्या हाती दिले. याला केवळ दयाबुद्धी म्हणणे चूक आहे. ही कारभाराची आणि वित्ताची फेरमांडणी होती. जमीन चाकरीपासून सुटली, आणि हिशेब लिहिणारा हात बदलला.

1920 च्या माणगाव परिषदेत महाराजांनी ज्यांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक होते. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडताना त्यांनी हाच हिशेब सरकारपुढे ठेवला. कौन्सिलाने तो मानला नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा 1958 साली झाला. कोल्हापूरने जे 1918 साली केले, त्याला बाकीच्या मुलखात चाळीस वर्षे लागली.

1992 च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांत आपल्यासाठी राखीव जागा आल्या. पण खुर्ची मिळाली म्हणजे वही मिळाली असे नव्हे. शहराची घाण उपसणारा माणूस ठेक्यावर राबवून अंदाजपत्रक शिलकी दाखवले जात असेल, तर ती जुन्याच वतनाची नवी आवृत्ती आहे. शिलकेचा आकडा वाचताना आपण एवढेच विचारावे: ही शिल्लक कोणाच्या मजुरीतून काढली?