राणीचा कबुलीजबाब

राजांच्या लग्नांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. त्या लग्नांच्या मोडतोडीतून धर्मसत्तेचा कारभार कसा घडला, हे फारसं सांगितलं जात नाही.

शार्लमेनच्या साम्राज्याच्या वाटण्या होत होत ८५५ साली त्याचा एक पट्टा पणतू दुसरा लोथार याच्या वाट्याला आला. त्याच वर्षी त्यानं थ्युटबर्गाशी लग्न केलं. तिचा भाऊ हुबर्ट आल्प्समधल्या घाटांच्या वाटा राखून होता, म्हणून सोयरीक मोलाची. पण लोथारचं मन आधीपासून वाल्ड्राडावर होतं, तिच्यापासून त्याला ह्यूगो नावाचा मुलगाही झाला. थ्युटबर्गाला मूल नव्हतं.

दोन वर्षांतच राणीला दूर सारण्याचा खटाटोप सुरू झाला. लग्नाआधी सख्ख्या भावाशीच तिचे संबंध होते, हा आरोप! ८५८ मध्ये तिच्या वतीनं एका माणसानं उकळत्या पाण्यात हात घातला; हात भाजला नाही, आणि राणी निर्दोष ठरली. देवाचा असा कौल मिळाला, तरी राजाचं समाधान होईना. ८६० मध्ये आखेनच्या धर्मसभेत राणीनं ‘गुन्हा’ कबूल केला. कबूल केला म्हणजे काय, हे श्रोत्यांना सांगायला नको. पुढं ती पळून गेली आणि तिनं रोमकडे दाद मागितली.

रँसचे आर्चबिशप हिंकमार यांनी या खटल्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. राजाही न्यायाच्या कक्षेबाहेर नाही, असं त्यांचं म्हणणं. (त्यांचा धनी टकल्या चार्ल्स लोथारच्या राज्यावर डोळा ठेवून होता, हेही विसरू नये.) ८६२ मध्ये आखेनच्या बिशपांनी मात्र लोथारला दुसरं लग्न करायची मोकळीक दिली. ८६३ च्या मेत्सच्या सभेत पोपचे दूतही लाच घेऊन फितले.

इथं प्रश्न राणीचा राहिला नाही. स्थानिक बिशपांच्या सभेचा निवाडा रोमनं फिरवावा का? पोप पहिले निकोलस यांनी तो रद्द केला आणि कोलोनचे गुंथर व ट्रिअरचे थ्युटगाऊड या दोन आर्चबिशपांना पदावरून काढलं. लोथारचा भाऊ सम्राट दुसरा लुई ८६४ मध्ये सैन्यासह रोमवर आला. गुंथरचा निषेध त्याच्या भावानं संत पीटरच्या थडग्यावर ठेवून दिला. पण सम्राट आजारी पडला, पोप बधले नाहीत. ८६५ मध्ये राणी पुन्हा राजवाड्यात आणली गेली.

त्यानंतरची गोष्ट मला अधिक बोचते. छळाला कंटाळून थ्युटबर्गानं स्वतःच लग्नातून सोडवणूक मागितली. पोपनी नकार दिला. तिच्या बाजूनं जगाशी भांडलेल्या माणसानं शेवटी तिचंच म्हणणं नाकारलं. ती दबावाखाली बोलते, असं त्यांना वाटलं असेल; तरी तिला काय हवं होतं, हे तिच्या शब्दांत आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

निकोलस ८६७ मध्ये वारले. नवे पोप दुसरे हेड्रियन यांच्याकडे लोथार ८६९ मध्ये इटलीत जाऊन आला आणि परतीच्या वाटेवर ८ ऑगस्टला पिआचेन्झाला तापानं गेला. औरस वारस नव्हता. दुसऱ्याच वर्षी दोन्ही काकांनी मेर्सेनला राज्य वाटून घेतलं. ह्यूगोनं पुढं बापाच्या राज्यावर हक्क सांगितला, तेव्हा ८८५ मध्ये त्याचे डोळे काढून त्याला मठात टाकण्यात आलं. लोथारचं नाव मात्र ‘लोरेन’ या प्रांताच्या नावात अजून आहे.